वाऱ्यावर सोडलेलं दार

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर ज्याला वारा म्हणतात, त्याची कल्पना घरातला पंखा पाचावर नेऊन येत नाही. तिथल्याच सदर्न आल्प्स पर्वतरांगा ओलांडून कँटरबरीच्या मैदानात उतरणारा वायव्येचा कोरडा, गरम वारा सगळ्यात जास्त चेकाळतो तो तिथल्या वसंतात, म्हणजे आपल्या गणपती-दिवाळीच्या दिवसांत. ऑक्टोबरअखेरची लेबर डेची जोडून सुट्टी साधून आपली मंडळी मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, काढतात, फराळाच्या डब्यांसकट. गाडी तळ्याकाठी थांबते. कुणीतरी "जरा हवा येऊ दे" म्हणत राहत्या भागाचं दार उघडतं. आणि हवा येते.

ते दार साधारण 60 सेंटिमीटर रुंद आणि 180 उंच धरा. ताशी 50 किलोमीटरच्या वाऱ्यात त्यावर 13-14 किलोंचा रेटा येतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट, म्हणजे 50 किलोंच्या वर. झटका बसला तर आणखी जास्त. हे सगळं थोपवायला कारखान्याने दिलेलं असतं एक प्लॅस्टिकचं अडकण: गाडीच्या भिंतीवर बोटाएवढा खुंट आणि दारावर त्याला पकडणारी प्लॅस्टिकचीच खोबण.

ते तुटलेलं बघून घरातल्या एकाला तरी वाटतंच की इथे स्टीलचं दणकट काहीतरी लावायला हवं. हा माणूस बहुधा इंजिनिअर असतो. त्याला आवरा. मी या भांडणात पूर्णपणे प्लॅस्टिकच्या बाजूने आहे. काहीतरी तुटणारच असेल, तर खुंट तुटावा. तो दुकानात मिळतो, भिंत मिळत नाही.

कारण ती भिंत दिसते तशी नाही. जाडी असते जेमतेम 30 मिलिमीटर. बाहेरून दीडेक मिलिमीटर फायबरग्लास किंवा ॲल्युमिनियमचा पत्रा, मध्ये बहुतेक वेळा थर्माकोलच्या जातीचा फोम, आतून 3 मिलिमीटर प्लाय. लाकडी पट्टी असते ती बिजागऱ्यांपाशी. अडकणापाशी असेलच असं नाही. नसेल, तर 20 मिलिमीटरचा स्क्रू आत जातो खरा, पण काम करतो त्याचा पहिला दीड मिलिमीटर. बाकीचे साडेअठरा थर्माकोलमध्ये आराम करत असतात. "चार स्क्रू तर आहेत, दहा मिनिटांचं काम" असं म्हणणाऱ्याला एवढं ऐकवून मगच त्याच्या हातात स्क्रू ड्रायव्हर द्यावा.

आधी नेमकं काय गेलंय ते बघायचं. दाराच्या रबरात जुन्या पावतीची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. चारही बाजूंनी असं करत जा. सगळीकडे पट्टी अडकली तर दार सरळ आहे. वर अडकते आणि खालच्या कोपऱ्यात अलगद निघून येते, असं झालं तर बिजागरी वाकली आहे. मग अडकणाचं नंतर बघू, आधी बिजागरी. आणि गाडी भाड्याची असेल तर फोटो काढा, कंपनीला फोन करा आणि चकल्या खा. हात लावू नका.

नवा भाग आणताना तुटलेला तुकडा खिशात हवा. भोकांमधलं अंतर तर जुळायला हवंच, पण जास्त महत्त्वाची खुंटाची लांबी. आखूड पडला तर दाराची मूठ भिंतीवर आपटते, लांब झाला तर दार भिंतीपासून फटकून राहतं आणि वाऱ्याला मागे शिरायला वाट मिळते. रंग जुळणार नाही. जुना पांढरा पिवळा पडलेला असतो, तो नाद सोडा.

खुंटाभोवती पाणी अडवायला भरलेलं जुनं सिलिकॉन पूर्ण खरवडून काढा, कारण सिलिकॉनवर दुसरं काहीही चिकटत नाही. मुदत संपलेलं बँकेचं कार्ड या कामाला उत्तम. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. नेलपॉलिश काढायच्या बाटलीकडे हात जाईल, तो मागे घ्या: त्यात ॲसिटोन असतं, भोकातून आत झिरपलं तर फोम विरघळतो. गाडीच्या पत्र्याला भरतात त्या पॉलिएस्टर पुट्टीचीही तीच गत, तिच्यातलं स्टायरीन तोच पराक्रम करतं. इथे दोन भाग कालवून घट्ट होणारी इपॉक्सीच लागते. देशातून आणलेलं एमसील आता बाहेर निघेल. तेही इपॉक्सीच, पण घट्ट लगदा. फोमच्या पोकळीत ते पोचत नाही, भोकाच्या तोंडाशीच बसून राहतं.

भोकातून तपकिरी पाणी आलं, तर काम तिथेच थांबवा. पाणी केव्हापासूनच आत जातंय, आणि ते वाळवल्याशिवाय पुढे काहीही भरण्यात अर्थ नाही.

कोरडं असेल तर वाकवलेला खिळा भोकात घालून गोल फिरवा आणि पत्र्यामागचा फोम चहूबाजूंनी सेंटिमीटरभर कोरून काढा. बाहेरचं भोक लहानच राहू द्या. जाडसर कालवलेली इपॉक्सी सिरिंजने आत भरा, वरून टेप लावा, 24 तास वाट बघा. मग 3 मिलिमीटरचं भोक पाडा, ड्रिलच्या बिटाला 20 मिलिमीटरवर टेप गुंडाळून. नाहीतर बिट आतल्या कपाटातून लाडवांच्या डब्याला भेटतो. दाराजवळ दिव्याच्या आणि पायरीच्या वायरी असतात, म्हणून बॅटरी आणि बाहेरची वीज दोन्ही आधी बंद.

खुंट बसला की खोबणीची जागा ठरवायला दारावर मास्किंग टेप लावा, खुंटाच्या टोकाला ओलं कुंकू लावा आणि दार हळूच त्यावर टेकवा. ठिपका उमटतो तिथे खोबणीचा मध्य. डोळ्यांनी अंदाज घेणाऱ्यांची खोबण नेमकी अर्धा सेंटिमीटर खाली बसते.

स्क्रू स्टेनलेसचे, 4 मिलिमीटर जाडीचे. प्रत्येकाला आणि खुंटाच्या तळाला पॉलियुरेथेन सीलंट, म्हणजे पाणी अडवणारी चिकट पेस्ट, लावा; ॲल्युमिनियमच्या पत्र्यात, त्यातून समुद्राकाठी, नुसता स्टेनलेस स्क्रू घातला की त्याच्याभोवतीचा पत्रा गंजायला लागतो. आवळताना जोर दाखवू नका, सगळं सीलंट बाहेर आलं तर आत उरलं काय? ते वाळतं दिवसाला साधारण 3 मिलिमीटर, तेही 23 अंशांत. तळ्याकाठच्या थंडीत जास्त वेळ लागतो. तोवर दार अडकवायचं नाही. घरातल्या सगळ्यांनी हे मान्य केल्यावर पाचव्या मिनिटाला कुणीतरी सवयीने अडकवतोच, म्हणून खोबणीत आधीच कापडाचा बोळा कोंबून ठेवावा.

पुढच्या वेळी बिजागऱ्या पुढच्या बाजूला असतील तर गाडीचं तोंड वाऱ्याकडे करून उभी करा. मग दार उघडायला ताकद लागते, आणि हात सुटला तर ते बंद होतं. बोटं सांभाळा. वारा पाठीमागून असला की तेच दार हातातून सुटून भिंतीवर जातं. ड्रायव्हरचं आणि हे, अशी दोन दारं एकाच वेळी उघडू नका. वाऱ्याला आरपार जायला फार आवडतं. आणि अडकणं दोन विकत घ्या. सुट्टीच्या सोमवारी सुट्या भागांचं दुकान उघडं सापडेलच असं नाही, वाऱ्याला मात्र सुट्टी नसते.

उरलेल्या सीलंटच्या नळीच्या तोंडात एक जाड स्क्रू पिळून ठेवतात. नळी तरीही वाळते, पण निदान स्क्रू कुठे ठेवलाय ते लक्षात राहतं.