गाडगीळ अहवाल आणि डच गोठ्यांचं भांडण

नेदरलँड्समध्ये बसून पश्चिम घाटावर काही लिहिलं की गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर उत्तर ठरलेलं असतं. ‘तुमचं बरं आहे, तिकडे सगळं झालंय. आम्ही जंगल राखत बसायचं काय?’ प्रश्न रास्त आहे. सावंतवाडीकडच्या माणसाला रोजगार हवाच. पण ‘तिकडे’ काय चाललंय तेही ऐका.

2019 पासून इथे नायट्रोजनवरून रान पेटलंय. गुरांच्या शेणमुतातला अमोनिया हवेत जातो आणि वाऱ्याबरोबर जंगलात, माळावर येऊन बसतो. माती आम्ल होते, तिच्यातलं कॅल्शियम निघून जातं. इथल्या फेलुवे भागातल्या जंगलात गोगलगायी घटल्या. त्यांच्या शंखातून कॅल्शियम मिळवणाऱ्या चिमणीएवढ्या पक्ष्यांची पिल्लं संशोधकांना घरट्यातच पाय मोडलेल्या अवस्थेत सापडली. मे 2019 मध्ये न्यायालयाने परवाने देण्याची जुनी पद्धत मोडीत काढली. गोठे, रस्ते, घरं, सगळंच अडलं. ऑक्टोबरमध्ये शेतकरी ट्रॅक्टर घेऊन हेगमध्ये शिरले. त्यांचा मोठा राग होता आरआयव्हीएम या मोजमाप करणाऱ्या सरकारी संस्थेवर. यांचे आकडेच चुकीचे, असं त्यांचं म्हणणं.

मग ते आकडे तपासायला होर्डाइक समिती नेमली गेली. 2020 मध्ये तिने सांगितलं की देशपातळीवरचं गणित विश्वासार्ह आहे, पण एकेका ठिकाणचा परवाना ठरवण्याइतकं बारीक नाही, मोजणीची केंद्रं वाढवा. शेतकऱ्यांचं समाधान झालं नाही, प्रश्न आजही सुटलेला नाही. पण भांडण झालं ते सगळ्यांसमोर असलेल्या कागदावरून.

आपल्याकडे कागदच दडवला. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या समितीने ऑगस्ट 2011 च्या अखेरीस पश्चिम घाटाचा अहवाल केंद्राला दिला. मंत्रालयाने तो लोकांना दाखवला नाही. माहिती अधिकारात अर्ज झाला, केंद्रीय माहिती आयोगाने अहवाल खुला करायला सांगितलं, तरी मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. तिथे हरल्यावर मे 2012 मध्ये तो बाहेर आला. तोवर घाटातल्या गावांत हूल उठली होती की घराची कौलंसुद्धा बदलता येणार नाहीत. अहवालात असं काही नव्हतं. पर्यावरणदृष्ट्या सर्वांत संवेदनशील पट्ट्यातही स्थानिकांसाठी गावठाण वाढवायला त्यात वाव होता. नको होत्या त्या नव्या खाणी. ज्यांना खाणी हव्या होत्या त्यांना कौलांची भीती सोयीची पडली, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका बाबतीत मात्र गाडगीळ डच सरकारच्या पुढे होते. इथे 2022 मध्ये मंत्र्यांनी कुठे किती उत्सर्जन कमी करायचं याचा नकाशा जाहीर केला. काही भागांत 95 टक्के कपात! शेतकऱ्याला आपल्या गोठ्याचं भवितव्य वरून आलेल्या नकाशावरून कळलं, आणि देशभर पुन्हा रस्ते अडले. गाडगीळांनी लिहिलं होतं की आमच्या सीमारेषा हा प्रस्ताव आहे, तो स्थानिक भाषेत ग्रामसभांपुढे न्या आणि मग ठरवा. सिंधुदुर्गातल्या असनियेसारख्या गावांनी तर आपला परिसर संवेदनशील ठरवा असे ठराव स्वतःहून केले होते. पर्यावरण हे श्रीमंत देशांचं फॅड आहे असं म्हणणाऱ्यांनी ते ठराव वाचावेत. हार्वर्डहून 1971 मध्ये मायदेशी परतलेला हा शास्त्रज्ञ आयुष्यभर अशाच गावांतून फिरला.

पुढे झालं ते उलटंच. गाडगीळ अहवाल तपासायला नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीने 2013 मध्ये संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे 37 टक्क्यांवर आणलं, आणि 2014 पासून अधिसूचनेचे मसुदेच निघतायत. 30 जुलै 2024 ला वायनाडमध्ये दरड कोसळून शेकडो माणसं गेली. सहाव्या मसुद्यावर तारीख आहे 31 जुलैची.

त्या मसुद्यात महाराष्ट्रातली 17 हजारांहून अधिक चौरस किलोमीटर जमीन आहे. हरकतींना मुदत होती 60 दिवस. गाडगीळांना विरोध करा, हरकत नाही, इथले शेतकरीही शास्त्रज्ञांशी भांडतात. पण मसुद्याच्या यादीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीत संपूर्ण अहवाल मराठीत, त्या गावच्या नकाशासह, वाचायला ठेवा. हरकतींची मुदत त्या दिवसापासून मोजा.