प्ली बार्गेनिंग: पेपरात लिहा, कोर्टात गिळा

एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या आणि एखाद्या सीनिअरची बॅग धरून फौजदारी कोर्टात फिरू लागलेल्या बंधू-भगिनींनो, तुमचं बस्तान नीट बसावं म्हणून चार हिताच्या गोष्टी सांगतो. परवाच कोर्टातल्या एका बार रूममध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, सगळ्यांदेखत मला अक्कल शिकवण्यात आली. ती ताजी आहे तोवर वाटून टाकतो.

आधी परीक्षा. प्ली बार्गेनिंगवर, म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करून कमी शिक्षेचा सौदा करण्यावर, प्रश्न येतोच, तेव्हा घोकून ठेवा. जुलै 2006 पासून सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत, प्रकरण 21-अ, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 289 ते 300. सात वर्षांहून जास्त शिक्षेचे गुन्हे बाद, स्त्रिया आणि मुलांविरुद्धचे बाद, देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीला धक्का लावणारे बाद. अर्ज आरोपीने स्वतः करायचा, सोबत शपथपत्र. न्यायाधीश त्याला बंद खोलीत, समोरची बाजू बाहेर ठेवून विचारणार की बाबा रे, तू हे मनाने करतोयस ना? मग सरकारी वकील, तपास अधिकारी, फिर्यादी एकत्र बसून तोडगा काढणार, नुकसानभरपाई ठरणार. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी 1976 च्या मुरलीधर मेघराज लोया खटल्यात या सौदेबाजीला कसं झोडपलं तेही टाका, परीक्षक खूश होतात. पेपर दिला की सगळं विसरा.

कोर्टात हा शब्द उच्चारू नका. लोक तुमच्याकडे नुकत्याच मुंजीतून उठून आलेल्या बटूसारखं बघतात.

बेंच क्लार्कला तर "या अर्जाचा नमुना मिळेल का?" असं अजिबात विचारू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आरोपीला मुदत सांगू नका. नव्या संहितेने चार्ज फ्रेम झाल्यापासून, म्हणजे आरोप निश्चित झाल्यापासून, तीस दिवसांची मुदत घातली आहे, ही आपल्या सोयीची गोष्ट आहे. ते तीस दिवस शांतपणे जाऊ द्यायचे. आमच्याकडे गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणामार्फत आलेलं एक मॅटर होतं. मोबाइलचोरी, वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, पहिलाच गुन्हा. जामीन मंजूर, पण जामीनदार नाही, म्हणून आत. चार्ज व्हीसीवर, म्हणजे तुरुंगाशी व्हिडिओ जोडून, वाचला गेला. पडद्यावर पोरगा, मागे पंख्याची घरघर, आवाज तुटतोय. "गुन्हा कबूल आहे का?" "आं?" "कबूल आहे का, नाही?" त्याने मान हलवली आणि तेवढ्यात चित्र गोठलं. मान उभी हलली की आडवी, देव जाणे. "गुन्हा नाकबूल" अशी नोंद झाली, तारीख पडली, पुढचा पुकारा झाला. कोर्टाच्या रोजनाम्यात सगळं नीट आहे हो, बघून घ्या.

मी पुस्तकी किडा, कागदावर गणित मांडलं. चोरीला जास्तीत जास्त तीन वर्षं. पहिल्यांदाच गुन्हा करणाऱ्याला संहितेच्या या प्रकरणाखाली सहाव्या हिश्शाइतकी शिक्षा देता येते, म्हणजे सहा महिने. कोठडीत काढलेले दिवस त्यातून वजा होतात. पोराचे सहा महिने केव्हाच उलटले होते! म्हणजे अर्ज झाला असता, तोडगा मान्य झाला असता, तर तो त्याच दिवशी घरी जाऊ शकला असता. खटला चालू असताना नव्या संहितेच्या कलम 479 खाली सुटायचं तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश, म्हणजे वर्ष भरावं लागतं. ते अजून भरायचं होतं. मी धावत सीनिअरकडे गेलो. त्यांनी चार्जची तारीख बघितली, चहाचा घोट घेतला आणि म्हणाले, "मुदत गेली. आणि तसंही असं कुणी करत नाही रे. पुढच्या तारखेला कबूल करायला लावू, साहेब भोगली तेवढी शिक्षा देतील." बार रूम हसली. मला कॉलेजचं नाव विचारलं गेलं.

पुढची तारीख कधी? साहेब रजेवर. त्याच्या पुढची? कैद्यांना कोर्टात आणणारी पोलिस पार्टी आली नाही. त्याच्याही पुढची? सर्व्हर. पोरगा आतच.

एपीपींना, म्हणजे सरकारी वकिलांना, त्रास देऊ नका, त्यांच्या बोर्डावर, दिवसाच्या खटल्यांच्या यादीत, आधीच मुंगीला जागा नाही.

खासगी पक्षकार असेल तर फी तारखेवर असते, एवढं बोललो तरी पुरे.

आणि हो, नैतिक भूमिका मात्र जरूर घ्या. सेमिनारमध्ये उभं राहून म्हणा की या सौद्यात गरीब निर्दोष माणूस भरडला जातो. केंटकीच्या पॉल हेजचं उदाहरण द्या: 88 डॉलर 30 सेंटचा खोटा चेक, कबुली दिलीस तर पाच वर्षं मागतो असं सरकारी वकील म्हणाला, हेजने नाही म्हटलं आणि सराईत गुन्हेगाराचा कायदा लावून त्याला जन्मठेप ठोकली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी ते चालवून घेतलं. मीही हे उदाहरण दिलंय, टाळ्या पडल्या. भीती खरीच आहे. आपल्याकडेही या सौद्यात दोषसिद्धीचा डाग राहतोच आणि नेहमीचं अपीलही उरत नाही.

पण मग कॅन्टीनमागे, जिन्यात, कोठडीच्या दाराशी रोज जे चालतं ते काय आहे? "कबूल कर, दंड भर, मोकळा हो." "कोर्ट उठेपर्यंतची शिक्षा होईल, घाबरू नकोस." ही सौदेबाजी नाही? फरक एवढाच की इथे शपथपत्र नाही, बंद खोलीतली विचारपूस नाही, सहाव्या हिश्शाचा हिशोब नाही, आणि त्या तोडग्यातली भरपाई फिर्यादीच्या वाट्यालाही येत नाही. संरक्षण देणारा कागद तेवढा बाजूला काढून ठेवलाय, आणि वर तोंड करून सांगता की आम्ही तत्त्व म्हणून प्ली बार्गेनिंगच्या विरोधात आहोत! एनसीआरबी, म्हणजे देशभरच्या गुन्ह्यांची आकडेवारी काढणारी सरकारी संस्था, दरवर्षी यासाठी वेगळा रकाना छापते आणि त्यात शंभरात एकही खटला पडत नाही. 2022 च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे, म्हणजे खटला न संपलेले, होते. यातल्या कितींना कुणी हे कलम समजावून सांगितलं? संहितेच्या त्या प्रकरणात न्यायाधीशांनी आरोपीला सांगावं अशी सक्ती नाही, म्हणून ते सांगत नाहीत. सरकारी वकील म्हणतात, ते आमचं काम नाही. मग कुणाचं? वकीलपत्रावर सही कुणाची आहे?

बास झाला उपरोध. लाज वाटली पाहिजे आपल्याला. आपल्याला म्हणतोय, कारण दोन वर्षांनी तुम्ही आणि मी त्याच बार रूममध्ये त्याच खुर्च्यांवर बसून पुढच्या पोराला हसणार आहोत. चार्ज झाला की त्याच दिवशी त्या आरोपीला आणि बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या आईला साध्या मराठीत सांगा की अमुक तारखेपर्यंत असा अर्ज करता येतो, केलास तर हे मिळेल, हे कायमचं जाईल, तू चोरी केलीच नसशील तर करू नकोस, आपण लढू. तारीख कागदावर लिहून द्या. पाच मिनिटं लागतात. तेवढीही नसतील तर कायदेशीर मदतीच्या पॅनेलवरून नाव काढून घ्या.