अस्सल सागवानही पावसात फुगतं

पाऊस सुरू झाला की पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो: ‘अस्सल सागवान कधी फुगत नाही. दार अडकत असेल तर सुताराने गंडवलंय. वाड्याचं जुनं लाकूड घ्या, ते हलत नाही. पॉलिश असेल तर ओल शिरत नाही. घट्ट झालेलं दार लगेच रंधून घ्या.’ असल्या मेसेजवरून चांगल्या सुतारांचे पैसे अडवले जातात, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

साग इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलतो, एवढंच खरं. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने साधारण साडेपाच टक्के आटतो, गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के आणि लांबीत जवळजवळ नाहीच. दोन दिशांमधल्या या फरकामुळेच फळीला बाक येतो. पुण्यात मे महिन्यात दुपारी हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या आसपास उतरते, जुलैत ८० च्या वर जाते. तेवढ्यात फळीतली ओल ५ टक्क्यांनी वाढली, तर ३० सेंटीमीटरची, रुंदी वलयांच्या दिशेने येईल अशी चिरलेली फळी अडीच-तीन मिलिमीटर रुंदावते. दाराची फट तरी केवढी असते?

जाणता सुतार हे धरूनच काम करतो. दाराच्या चौकटीतलं पॅनेल तो खाचेत मोकळं ठेवतो, सरस लावून जाम करत नाही. मे महिन्यात पॅनेलच्या कडेला बिनपॉलिशची फिकट रेघ दिसते ना, ती फळी आटून खाचेबाहेर सरकल्याची खूण. ते दार नीट बनवलंय.

वाड्याचं जुनं लाकूड चांगलं रापलेलं असतं, त्यामुळे नव्याने पिळत नाही. पण हवेतली वाफ तेही शोषतंच.

पॉलिशने ओल सावकाश शिरते, थांबत मात्र नाही. त्यातही स्टुलावर चढून दाराची वरची कड बघा: बहुतेक घरांत ती कोरीच असते. उभ्या पट्ट्यांची टोकं तिथे उघडी पडतात, आणि लाकूड टोकाकडूनच सगळ्यांत भराभर पाणी ओढतं. खालच्या कडेचंही तेच.

आणि जुलैत रंधा तर मुळीच मारू नका. मे महिन्यात तिथेच भगदाड दिसेल. आधी बिजागरीचे स्क्रू आवळा, दार लोंबलंही असेल. रंधायचंच असेल तर दिवाळीनंतर, जिथे घासल्याची खूण आहे तेवढंच. वरच्या-खालच्या कडांना पॉलिशही तेव्हाच मारून घ्या.