आठवतं सगळं, मग असं का वागतात?

फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियात, म्हणजे मेंदूचा पुढचा आणि कानाजवळचा भाग झिजत जाणाऱ्या आजारात, माणसाचं वागणं बदलतं, असं मी म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया कडक आहे, पण प्रश्न खरा आहे. तुम्ही म्हणता, ज्याला खातेक्रमांक आणि सगळ्यांचे वाढदिवस तोंडपाठ आहेत त्याला डिमेन्शिया कसला? तो मुद्दाम तसा वागतो, आणि मी मेंदूची रंगीत चित्रं दाखवून त्याच्या उद्धटपणावर पांघरूण घालतो.

स्मरणशक्ती शाबूत म्हणजे मेंदू शाबूत, हे गृहीतकच मला मान्य नाही. मेंदूतले दूरदूरचे भाग जाळ्यासारखे एकमेकांशी जोडून काम करतात, आणि मेंदू झिजवणारा प्रत्येक आजार आपापलं जाळं पोखरतो. मेंदूविकारतज्ज्ञ विल्यम सीली आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं, की अशा पाच आजारांतली झीज निरोगी मेंदूतल्या पाच वेगवेगळ्या जाळ्यांशी जुळते. अल्झायमरमध्ये सहसा आठवणींशी निगडित डिफॉल्ट मोड नेटवर्क आधी ढासळतं. फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शियाच्या वर्तन बिघडवणाऱ्या प्रकारात आधी जातं ते सेलियन्स नेटवर्क, म्हणजे या घडीला कशाकडे लक्ष द्यायला हवं हे आतून जाणवून देणारं जाळं.

ते गेलं की काय होतं? बायकोचं बोट कापलंय, रक्त वाहतंय, आणि नवरा तिला ओलांडून रिमोट शोधतोय. नंतर विचारा, ‘कुणाला लागलं तर काय करावं?’ उत्तर अचूक येतं. नियम पाठ आहे, पण त्या क्षणी आतून काही हलत नाही. ‘वा, छान केलंत!’ हा टोमणा त्याला शाबासकी वाटतो. आणि मुद्दाम दुखवायचं तर समोरच्याला काय वाटेल हे आधी उमगावं लागतं. नेमकं तेच उमगेनासं झालेलं असतं. उलट अल्झायमरचे बरेच रुग्ण नाव विसरतात, पण तुमचा चेहरा उतरला की लगेच अस्वस्थ होतात.

चित्रांबद्दलची तुमची शंका मात्र रास्त आहे. जाळ्यांचे ते नकाशे अनेक रुग्णांची सरासरी काढून तयार होतात, एकट्या माणसाचं निदान त्यावरून करत नाहीत. सुरुवातीला साधा एमआरआयही नॉर्मल येऊ शकतो. म्हणून घरच्यांची हकीकत फार मोलाची. प्रत्येक तुसडा माणूस आजारी नसतो, जो आयुष्यभर तसाच होता त्याच्याबद्दल मी बोलतच नाहीये. मायाळू माणूस, बहुतेकदा ४५ ते ६५ या वयात, दोनेक वर्षांत परका वाटू लागला, तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा. या आजाराला नैराश्य समजून वर्षं वाया जातात, याची मला फार तळमळ वाटते.

घरच्यांनी सगळं सोसावं, असंही मी म्हणत नाही. वाद घालून उपयोग नाही, पण पैशांचे व्यवहार लवकर आपल्या हाती घ्या. तपासणीच्या वेळी डॉक्टरांशी थोडं एकट्यानं बोला, काय बदललं ते लिहून न्या. आपल्यात काही बदल झालाय हे रुग्णाला बहुधा जाणवत नाही, आणि स्मरणशक्तीच्या छोट्या चाचणीत तो चांगले गुण मिळवून बाहेर येऊ शकतो.