मुंबईत गोड खायचं तर घड्याळ बघून निघा

मुंबईत चांगलं गोड कुठे मिळतं, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, किती वाजता जाणार आहात? पुण्याहून येणाऱ्या मैत्रिणी, ऑफिसात नव्याने लागलेली मुलं, डिसेंबरात परदेशातून येणारी भाचरं, सगळ्यांना नावं हवी असतात. नावं मी आनंदाने देते. पण या शहरात प्रत्येक गोडाला जशी जागा आहे तशीच वेळ आहे, ऋतू आहे, आणि ती पाळली नाही तर तोच पदार्थ निम्मासुद्धा लागत नाही. आज हे जरा सविस्तर लिहिते, कारण हल्ली गोड म्हटलं की फोन उघडायचा आणि डबा दारात येईपर्यंत सोफ्यावर बसायचं, एवढंच उरत चाललंय. मनाला ते फार लागतं.

रात्रीपासून सुरू करते. रमझानच्या महिन्यात मोहम्मद अली रोडला मिनारा मशिदीच्या आसपास एकदा तरी जा, आणि रोजा सुटतो त्या घाईच्या वेळेला जाऊ नका, चांगले दहा वाजून गेल्यावर जा. तोवर नमाज, जेवणं उरकलेली असतात आणि बायका-मुलांसकट अख्खी कुटुंबं रस्त्यावर असतात. मालपुवा तिथे डोळ्यांदेखत तळतात. आपल्या होळीच्या मालपुव्याशी त्याचं नातं फक्त नावापुरतं. पिठात अंडं आणि मावा असतो, कडा कुरकुरीत, मधला भाग लुसलुशीत, वर रबडी. एक मालपुवा दोघांना पुरतो. ज्यांना अंडं चालत नाही त्यांनी आधी विचारावं, कुणी रागावत नाही. १९३६ पासूनचं सुलेमान उस्मान मिठाईवाला हे दुकान तिथेच आहे. त्यांचं अफलातून, म्हणजे माव्याची एक मिठाई, वर्षभर मिळतं, पण मालपुव्याची खरी रात्र रमझानचीच. आणि रमझान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे कधी तो भर पावसाळ्यात येतो, कधी हिवाळ्यात. थंडीतल्या रात्री गरम मालपुवा खायला मिळणार असेल, तर ते वर्ष सोडू नका.

त्याच रस्त्यावर फिरनी घ्या, पण मातीच्या वाटीतलीच. तांदूळ वाटून दुधात शिजवलेली खीर मातीत ओतली की माती तिच्यातलं पाणी हळूहळू शोषते आणि फिरनी घट्ट होते. प्लॅस्टिकच्या डब्यात हे होत नाही, तिथे ती नुसती गार खीर राहते. मातीचा वासही लागतो तिला. केशर-पिस्त्याची घेतलीत तरी आधी साधी चाखून बघा.

थोडं पुढे बोहरी मोहल्ल्यात ताज आइस्क्रीम आहे. १८८७ पासूनचं. तिथे अजून संचा फिरवून आइस्क्रीम करतात: बाहेर लाकडी पिंप, आत धातूचं भांडं, मधल्या जागेत बर्फ आणि मीठ. मिठामुळे बर्फाचं तापमान शून्याच्याही खाली जातं आणि आतलं दूध भांड्याच्या कडेला गोठायला लागतं, ते सतत खरवडून ढवळत राहायचं. हाताने ढवळल्यामुळे त्यात हवा फार शिरत नाही. कारखान्यातल्या आइस्क्रीममध्ये हवा भरून आकारमान वाढवलेलं असतं, इथला एक चमचा म्हणून जड लागतो. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर दुसरं काही मागू नका.

बोहरी थाळाची एक गोष्ट मला फार आवडते. सगळे एका मोठ्या थाळाभोवती बसतात, आधी चिमूटभर मीठ जिभेला लावतात आणि मग पहिला पदार्थ येतो तो गोड. त्यानंतर खारं, पुन्हा गोड, पुन्हा खारं. गोड शेवटी, पोट भरल्यावर, वेगळ्या बशीत, ही पद्धत आपल्याकडेही नव्हतीच. पंगतीत जिलबी आणि मठ्ठा जेवणाच्या मधेच यायचा, पुरणपोळी तर जेवणच. गोड हा जेवणाचा शेवट आहे असं आपण कधी ठरवलं, मला माहीत नाही, पण त्यामुळे खूप काही चुकतं. भरल्या पोटी कुल्फीला न्याय देता येत नाही.

इथे मला मनातलं बोलायचंय. आपल्यातल्या कितीतरी मराठी घरांत गोड खायला जायचं म्हणजे गिरगाव, दादर, फार तर पार्लं. तिथली गोडी मी नाकारत नाही, त्यावर पुढे लिहितेच. पण क्रॉफर्ड मार्केटला लग्नाची खरेदी करायला पिढ्यान्‌पिढ्या जाणारी माणसं तिथून दहा-पंधरा मिनिटं चालत मिनारा मशिदीपाशी जात नाहीत, याचं मला वाईट वाटतं. गर्दीची भीती, अनोळखी वस्तीची भीती, मांसाच्या वासाची अडचण, सगळं ऐकलंय. वासाची अडचण समजू शकते. बाकीचं एकदा जाऊन आलं की उरत नाही. रमझानच्या रात्री मी मैत्रिणींबरोबर त्या रस्त्यावर आरामात हिंडले आहे, माझ्या सासूबाईंनाही घेऊन गेले आहे. त्यांना फिरनी इतकी आवडली की वाटी धुऊन घरी आणली.

आणि क्रॉफर्ड मार्केटला आलाच आहात तर समोरचं बादशाह सोडू नका. १९०५ पासूनचं दुकान. फालुदा इराणहून आला, पारशी घरांत नवरोझला तो होतोच, पण मुंबईच्या उकाड्यात खरेदीच्या पिशव्या पायाशी ठेवून जो फालुदा प्यायला जातो त्याला तोड नाही. शेवया, सब्जा, गुलाबाचं सरबत, दूध, वर आइस्क्रीमचा गोळा. हा पदार्थ थरांचा आहे. वरचं आइस्क्रीम वितळत खाली उतरायला लागतं आणि तळाचं सरबत वर यायला लागतं, त्या दोन-चार मिनिटांत तो सगळ्यात चांगला असतो. घरी मागवला की रस्त्यातच सगळं एक होतं आणि शेवया फुगून येतात. मग लोक म्हणतात, काही खास नाही.

सकाळचं गोड वेगळं. माटुंग्याला, स्टेशनच्या पूर्वेला, राम आश्रयमध्ये अननसाचा शिरा खा. उजाडताना गेलात तर बसायला पटकन जागा मिळते, रविवारी उशिरा गेलात तर फुटपाथवर रांग. शिरा गरम असतो, चमच्याला तूप लागतं, अननसाचे तुकडे आंबटगोड. त्यावर फिल्टर कॉफी. आधी इडली, मग शिरा, मग पुन्हा थोडा उपमा असं खाणारे लोक तिथे दिसतात आणि ते बरोबर करतात. दुपारची वेळ असेल तर स्टेशनजवळच १९४२ पासूनचं रामा नायकांचं उडुपी आहे, केळीच्या पानावर जेवण आणि पायसम. माटुंग्यात गोडाचा थाट नाही, जेवणाइतकंच ते साधं असतं.

मावा केकही सकाळचाच. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या बी. मेरवानने, १९१४ सालापासून, या शहराला त्याची सवय लावली. माझे बाबा ऑफिसला जाताना तिथला केक घ्यायचे, आणि गाडी उशिरा आली की हमखास रिकाम्या हाताने पुढे जायचे, कारण तोवर ट्रे संपलेला असायचा. धोबी तलावाला कयानी आहे, १९०४ पासूनचं. वेलचीचा वास, कागदाला लागलेलं तूप, शेजारी पाणी कम चहा. संध्याकाळीही केक मिळाला तर खाईन मी, पण सकाळच्या ताज्या केकची कड जी लागते ती संध्याकाळी नाही लागत.

मेरवान, कयानी ही इराणी हॉटेलं. या इराण्यांच्या स्वस्ताईचं कारण लोक विचारतात. केक परवडणारा कसा? मालक भला म्हणून, हे खरंच, पण एक मोठं कारण भाड्याचं आहे. १९४७ च्या भाडेकायद्याने जुनी भाडी जिथल्या तिथे थांबवली, १९९९ च्या कायद्यानेही जुन्या भाडेकरूंना बरंच संरक्षण ठेवलं, आणि पागडीच्या जागेत बसलेलं दुकान त्यामुळे कोपऱ्यावरच्या मोक्याच्या जागेत तुम्हाला दोन तास एका चहावर बसू देऊ शकलं. मॉलमधल्या दुकानाला हे शक्य नाही. त्याला दर चौरस फुटाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून तो बशी मोठी करतो, वर चॉकलेटचा ओघळ सोडतो, बिस्किटाचा चुरा टाकतो आणि भाव लावतो. त्या दुकानदाराला मी दोष देत नाही. पण इमारती पुनर्विकासाला गेल्या की जुनं दुकान नव्या जागेत, नव्या खर्चात तग धरेलच असं नाही. बोहरी मोहल्ला ज्यात येतो त्या भेंडी बाजारात साडेसोळा एकरांचा पुनर्विकास चालू आहे. लोकांना चांगली घरं मिळायलाच हवीत, त्या जुन्या चाळींत राहणं किती कठीण होतं हे मला माहीत आहे. मला एवढंच वाटतं की घराची मोजदाद करताना संचा फिरवणाऱ्याच्या जागेचीही मोजदाद व्हावी.

आता दादर. पियूष या पेयाबद्दल आपण मराठी माणसं फार कमी बोलतो. श्रीखंड ताकात मोकळं केलेलं, जायफळ, वेलची, केशर. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा खाऊन मग पियूष मागवा. वडा तिखट, तेलकट, गरम, आणि पियूष गार, दाट, किंचित आंबट; दोन्ही एकमेकांसाठीच केलेले आहेत. गिरगावात पणशीकरांकडेही घ्या, तो १९२१ पासूनचा पत्ता. संकष्टीला दादरला उकडीचे मोदक मिळतात. ते दुपारपासून शोधायला लागा, चंद्रोदयाच्या तोंडावर गेलात तर उरलेलेच मिळतील, आणि मोदकाची उकड गार होऊन ताठ झाली की सारणही गप्प होतं. सोबत घरचं तूप नेता आलं तर न्या. हे मी गंभीरपणे सांगते आहे.

ऋतूचं बोलायचं तर हिवाळा सगळ्यात श्रीमंत. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आली की हाजी अली ज्यूस सेंटरमध्ये आणि चौपाटीसमोरच्या बॅचलर्समध्ये स्ट्रॉबेरी क्रीम सुरू होतं: फळ, फेटलेली साय, साखर, बस. फळ चांगलं नसेल तर त्यात लपायला जागा नाही, म्हणून जानेवारीत खा. त्याच सुमाराला भुलेश्वरला उंधियू-जिलेबी. मुलांना बरोबर नेणार असाल तर जिलेबी तळताना दाखवा.

फळाचं आइस्क्रीम म्हटलं की रघुनंदन कामतांचं नाव घ्यायलाच हवं. मंगळूरजवळच्या मुल्कीच्या फळविक्रेत्याचा मुलगा, १९८४ साली जुहूला नॅचरल्स सुरू केलं, तेव्हा गिऱ्हाईक यावं म्हणून बरोबर पावभाजीही ठेवली होती. तिखट खाल्लं की लोक गार मागतात, इतका सरळ विचार. शहाळ्याचं आइस्क्रीम आज कुठेही मिळतं, ते लोकांच्या तोंडी रुळवलं त्यांनी. २०२४ च्या मे महिन्यात ते गेले, तेव्हा आमच्या घरी सगळ्यांनी सीताफळाचं आइस्क्रीम आणलं. दुकानातून आइस्क्रीम घेताना पाकिटावर ‘फ्रोझन डेझर्ट’ लिहिलंय का ते जरूर वाचा. तसं असेल तर त्यात दुधाच्या स्निग्धांशाऐवजी वनस्पती तेल असू शकतं. लहान मुलांना आपण तेच आइस्क्रीम म्हणून देतो.

संध्याकाळी चर्चगेटला के. रुस्तम. १९५३ पासून दोन पातळ बिस्किटांच्या मधे आइस्क्रीमची वडी. उभ्यानेच खायचं, मग मरीन ड्राइव्हकडे चालू पडायचं. चौपाटीसमोर न्यू कुल्फी सेंटर, तिथे कुल्फी तराजूवर वजन करून देतात आणि तुकडे करून पानावर किंवा बशीत. कुल्फी ढवळत नाहीत, दूध आटवून तसंच गोठवतात, म्हणून ती दाट असते आणि सावकाश वितळते. दिवसभराच्या धकाधकीनंतर रात्री दहा-साडेदहाला ती खावी. बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियात मात्र जेवणाच्याच वेळेला जा, १९२३ पासूनचं ते उपाहारगृह दुपारचंच. बेरी पुलाव दोघांत एक घ्या, म्हणजे कॅरॅमल कस्टर्डला जागा राहते.

वांद्र्याबद्दल मी थोडंच लिहिते, कारण तिथलं गोड मी नाताळातच खाल्लंय: जुन्या बेकऱ्यांतलं बदाम-साखरेचं मार्झिपान, पेरूचं चीज म्हणजे पेरूची घट्ट गोड वडी, तळलेलं गोड कुलकुल. त्या भागात कुणी ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतलं मूळचं ख्रिस्ती, ओळखीचं असेल तर दुकानात जाण्याआधी त्यांच्या घरी जा.

नवीन दुकानं वाईट असं माझं म्हणणं अजिबात नाही. कुलाब्याला २००४ साली एका पारशी कुटुंबाने सुरू केलेलं थिओब्रोमा ब्राउनीसाठी शहरभर पोचलं, कारण पदार्थ चांगला होता. मला खटकतं ते सगळीकडे एकच चव असणं. अंधेरी, ठाणे, पवई, कुठल्याही मॉलमध्ये जा, त्याच चॉकलेटखाली तोच वॉफल. ज्या शहरात अर्ध्या तासाच्या अंतरावर पायसम, फिरनी, पियूष आणि मावा केक मिळतो, तिथे मुलं वाढदिवसाला तेच वॉफल मागतात, कारण आपण त्यांना बाकीचं दाखवलंच नाही.

घरी न्यायला किंवा गावी पाठवायलाच काही हवं असेल तर फालुदा, फिरनी, कुल्फी यांच्या वाटेला जाऊ नका. माहीमचा हलवा घ्या. पातळ चौकोनी पापुद्रे, मधे कागद, वर बदामाचे काप. प्रवासाला घाबरत नाही आणि बरेच दिवस टिकतो. अफलातूनही टिकतं. कोकणात जाणार असाल तर दोन्हीची पाकिटं घ्या, कारण गाडी पनवेल सोडायच्या आत एक तरी उघडलं जातं.