रंगीत पिल्लू अंडं देणार नाही

"बाल्कनीत चार कोंबड्या पाळा, रोज चार अंडी खा, खर्च शून्य!" हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी दुर्लक्षच करत होतो. पण काल मामेबहिणीने तो मला पाठवला आणि खाली विचारलं, "दादा, बाजारातून पिल्लं आणू का? बाळालाही खेळायला होतील." बाळ दीड वर्षाचं आहे. म्हणून आता लिहितो, वैतागूनच.

मेसेज म्हणतो, आठवडी बाजारातली रंगीत पिल्लं स्वस्तात आणा, पाच महिन्यांत अंडी सुरू. अहो, ती गुलाबी-हिरवी पिल्लं एवढी स्वस्त का असतात, हा प्रश्न कुणालाच कसा पडत नाही? अंड्यांच्या कोंबड्यांची पैदास करणाऱ्या हॅचरीत, म्हणजे अंडी उबवणाऱ्या केंद्रात, अंड्यातून साधारण निम्मे नर निघतात. नर अंडी देत नाही आणि त्या जातीला मांसही धरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी त्याला बाजूला काढतात. तोच रंगात बुडवून टोपलीत येतो. पाच महिन्यांनी तुमच्या बाल्कनीत अंडं नाही, पहाटे चारला बांग मिळेल. तीही पिल्लू जगलं तर. पहिल्या आठवड्यात त्याला साधारण ३५ अंश ऊब लागते. आईच्या पंखाखाली ती मिळते, बुटाच्या खोक्यात मिळत नाही. दोन-तीन दिवसांत मान टाकलेलं पिल्लू बघून पोरं रडतात, आणि आपण म्हणतो, "नाजूकच होतं ते."

यापेक्षा वाईट मुद्दा पुढे आहे: "पिल्लू बाळाच्या कुशीत झोपवा, प्रतिकारशक्ती वाढते." हे ज्याने लिहिलं त्याला समोर बसवून विचारावंसं वाटतं. साल्मोनेला नावाचा जिवाणू कोंबडीच्या आतड्यात असतो आणि कोंबडी मात्र ठणठणीत दिसते. विष्ठेतून तो पिसांवर, पायांवर, फरशीवर येतो. दीड वर्षाचं मूल हात कुठे घालतं ते सांगायला नको. अमेरिकेत घरी कोंबड्या पाळायची हौस वाढली, तेव्हा तिथल्या सीडीसीने, म्हणजे रोगनियंत्रण केंद्राने, हिशेब ठेवला. एकट्या २०२० साली घरच्या कोंबड्या-बदकांमुळे साल्मोनेला झालेले १,७२२ रुग्ण नोंदले गेले, ३३३ जणांना दवाखान्यात दाखल करावं लागलं. त्यांचा सल्ला स्वच्छ आहे: पाच वर्षांखालच्या मुलांनी पक्षी हाताळू नयेत, कुणीही त्यांचे मुके घेऊ नयेत, हात लावला की साबणाने धुवावेत. "ते अमेरिकेतलं, आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कोंबड्या आहेत" असं म्हणणाऱ्यांनी आपली आजी आठवावी. कोंबड्या अंगणात, रात्री खुराड्यात. ओट्यावर चढली तरी आजी केरसुणी उगारायची. पोराच्या अंथरुणात कोंबडी हा प्रकार आपल्या परंपरेत कधी नव्हता.

आता अर्धं खरं आहे ते कबूल करतो. युरोपात आल्प्सच्या परिसरातल्या शेतकरी कुटुंबांतली मुलं तपासली, तेव्हा त्यांच्यात दमा आणि ॲलर्जी कमी आढळली. पण तो मुख्यतः गाईंच्या गोठ्याभोवती वाढण्याचा परिणाम. तिसऱ्या मजल्यावरच्या बंद बाल्कनीत वाळलेल्या विष्ठेची धूळ हुंगण्याचा नव्हे.

"रोज चार अंडी." एक अंडं तयार व्हायलाच कोंबडीला साधारण पंचवीस तास लागतात, म्हणजे फार्मवरची पट्टीची लेअर, म्हणजे खास अंड्यांसाठीची कोंबडीसुद्धा वर्षाला ३६५ देत नाही. गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी देते, आणि अंडी उबवायला खुडूक बसली की तेही बंद. चार गावठी कोंबड्या मिळून दिवसाला सरासरी एक अंडंही धड पडत नाही.

"खर्च शून्य, खरकटं घाला." अंडी देणाऱ्या कोंबडीला दिवसाला शंभर ग्रॅमच्या वर खाद्य लागतं, चार कोंबड्यांना महिन्याला बारा-तेरा किलो. त्यात कॅल्शियम हवं, नाहीतर कवच पातळ येतं आणि पुढे अंडीच आटतात. उरलेला भात-भाजी वरचं खाणं म्हणून ठीक. खारट फरसाण घालू नका.

"कोंबड्या असल्या की साप येत नाहीत" याचं काय बोलायचं? दाणे सांडले की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कोंबड्या झुरळं मात्र खातात, ते खरं.

"एक गावठी अंडं म्हणजे दहा पांढरी अंडी." कवचाचा रंग जातीवर, बलकाचा रंग खाण्यावर. प्रथिनं जवळपास तेवढीच. चव चांगली लागते, मलाही लागते, पण दहापट ताकद कुठून आणणार?

मेसेजमध्ये एक शब्द कुठेच नाही: लस. मानमोडी, म्हणजे राणीखेत, शिरली की खुराडं रिकामं होतं. पहिल्याच आठवड्यात लासोटा ही तिची लस द्यावी लागते. त्या लसीची कुपी सहसा शंभर पक्ष्यांच्या मापाची, आणि एकदा कालवली की काही तासांतच वापरावी लागते. बर्ड फ्लू आला तरी खुराडं रिकामंच. २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला लाखो कोंबड्या मारल्या, तेव्हा घरच्या परसातल्याही सुटल्या नव्हत्या.

बहिणीला उत्तर दिलंय. गावी वाडा आहे, परस आहे, मावशी दिवसभर घरी असते. तिथे वनराजा किंवा गिरिराजा या सुधारित जातींच्या चार तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, ठेव, लसीचं आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात विचार, खुराड्याला मुंगूस शिरणार नाही अशी जाळी लाव. फ्लॅटमध्ये नको. आणि बाजारातलं ते गुलाबी पिल्लू तर अजिबात नको.