"सॉरी म्हणालो ना!"

आज सकाळी मंडईबाहेर एका पोराने दुचाकी थेट आईच्या पायावर घातली. रस्त्यावर नव्हे, फुटपाथवर! आई कळवळली. हा कानातले इअरफोन न काढताच "सॉरी हां आजी" म्हणाला आणि निघाला. मी मागून ओरडले तर वळून मलाच, "सॉरी म्हणालो ना!" झालं. पावती फाडली, विषय संपला.

तेव्हापासून डोकं तापलंय. आणि सॉरीवरून डोकं तापलं की मला २००९ आठवतं. बाबा जाऊन आठवडाच झाला होता. माझा तेव्हाचा साहेब इंग्रज, लीड्सचा. त्याचा फोन आला. म्हणाला, "आय ॲम सो सॉरी." आणि मी, रडून रडून बधिर झालेली, म्हणाले, "नो नो सर, नॉट युवर मिस्टेक." पलीकडे शांतता. मला वाटलं, लाइन कट झाली.

पुढे कधीतरी शब्दकोश चाळताना कळलं आणि कानापर्यंत लाल झाले. सॉरी आला जुन्या इंग्रजीतल्या 'सारिग'वरून, तो 'सार'वरून. सार म्हणजे दुखणं, वेदना. घसा दुखला की आपण 'सोअर थ्रोट' म्हणतो ना, तोच हा सोअर. जर्मनमध्ये 'खूप' या अर्थी 'झेअर' म्हणतात, तोही याच घरचा. मुळात 'दुखेल इतकं'. गंमत म्हणजे 'सॉरो', म्हणजे दुःख, मात्र त्याचा सख्खा नाही. कूळ वेगळं, शेजारी राहून तोंडवळा सारखा झाला इतकंच. शेक्सपिअरच्या नाटकात राजाचा खून करून आलेला मॅकबेथ आपले रक्ताळलेले हात बघून 'सॉरी साइट' म्हणतो, तेव्हा तो काही माफी मागत नसतो. बघवत नाही, असं म्हणत असतो.

म्हणजे लीड्सचा साहेब मला सांगत होता, तुझं ऐकून मला दुखलं. आणि मी त्याला निर्दोष सोडलं!

आपण हा शब्द घेतला तो फक्त सुटकेपुरता. शाळेत बाई म्हणायच्या, "से सॉरी." म्हटलं की बसायला मिळायचं. दुखायचं कुणाला काय? "चुकलं माझं" म्हणताना जीभ जड होते, सॉरी कसं साबणासारखं सटकन निसटतं.

बरं, इंग्रजही काही कमी नाहीत, आपण त्यांच्या पायावर पाय दिला तरी तेच सॉरी म्हणतात. आणि मराठीचा टेंभा मी मिरवू नये. 'दिलगीर' फारसीतून आला, काळीज आवळलं गेलेला, उदास असा. आता तो खोदलेल्या रस्त्याच्या पाटीवर उभा असतो, गैरसोयीबद्दल. कुणाचं काळीज आवळलंय तिथे? कंत्राटदाराचं?

साहेबाला मी ते कधी समजावलं नाही. तो निवृत्त होऊन गेला. त्याला काय वाटलं असेल, वडील गेलेली मुलगी आपल्यालाच धीर देतेय? कदाचित त्याने ते चांगल्या अर्थाने घेतलं असेल. असू दे.

हे टाइप करताना आतून कप फुटल्याचा आवाज आला, पाठोपाठ लेकाचं "सॉरी मम्मा!" मी इथूनच जी सुटले, सगळा सकाळचा राग. जाऊन बघते तर पोरगं गुडघ्यावर बसून काचा वेचतंय, बोट कापलेलं, आणि आजीला सांगतंय, "तू इकडे नको येऊस, पायाला लागेल."

सॉरी मग मीच म्हटलं. आईचा घोटा अजून सुजलेलाच आहे.